आयोजक नसल्याचा दाखला

एक दिवस, फक्त एक दिवस, आपल्याशी कुणीही बोलू नये, एवढीच बेलार्मिनो कुएतोची या जगाकडे मागणी होती.

मागणी अवास्तव नव्हती. सदतीस वर्षं तो आमच्या सोलाविया नगरपालिकेत आवक-जावकच्या खिडकीत बसला. त्या खिडकीच्या काचेला मधोमध एक वाटोळं भोक होतं आणि सदतीस वर्षं सबंध गाव त्या भोकातून त्याच्याशी बोललं. कुणाच्या गाईने कुणाचा कोबी खाल्ला, कुणाचं पन्हाळ कुणाच्या अंगणात गळतं, कोण मेलं, कोण मेलं असं वाटलं पण मेलं नाही. संध्याकाळी घरी यावं, तर घर फेर्मीनच्या बारच्या बरोबर डोक्यावर. फेर्मीनकडे मिळते सिद्रा, आणि सफरचंदाची ही दारू मुकाट्याने पिण्याची वस्तूच नाही. बाटली डोक्यावर धरायची, पेला गुडघ्यापाशी, आणि मधल्या मोकळ्या हवेतून धार सोडायची. धार पेल्यात पडली की लोक ओरडतात, बाहेर पडली की जास्त ओरडतात. सहाव्या बाटलीनंतर गाणी सुरू होतात आणि आठव्यानंतर फेर्मीन गाइता काढतो. काखेत फुगलेली पिशवी दाबून नळीतून सूर काढायचं हे आमचं वाद्य. सूर निघतात, असा निदान फेर्मीनचा समज आहे.

बार बंद असेल त्या दिवशी ओल्विदो होती. ओल्विदो म्हणजे बेलार्मिनोची बायको. ती वाईट बोलायची असं मुळीच नाही, फार छान बोलायची. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी तिचं एखादं वाक्य पूर्णविरामापाशी येऊन थांबलंय, असं बेलार्मिनोने पाहिलं नव्हतं.

आमच्या गावातून पूर्वी कोळशाची गाडी समुद्रापर्यंत जायची. खाणी बंद पडल्या, रूळ उखडले, आणि सरकारने त्या जागेवर सायकलींसाठी वाट केली. तिला सगळे हिरवी वाट म्हणतात. सोलावियापासून कोंचासच्या किनाऱ्यापर्यंत एकतीस किलोमीटर, नऊ बोगदे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. मोटारींना बंदी, मोटरसायकलींना बंदी, भोंग्याला बंदी. सुरुवातीलाच पाटी आहे : शांतता राखा. या पाटीची फाईल बेलार्मिनोच्याच टेबलावरून गेली होती. त्या फाईलवर शिक्का मारतानाच त्याच्या मनात काहीतरी हललं होतं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याने ठरवलं. सायकलने, एकट्याने, डोंगरातून समुद्रावर. सकाळी निघायचं, दुपारी पाण्यात पाय सोडून बसायचं, संध्याकाळच्या बसने सायकलीसकट परत. वाटेत कुणाशी अक्षर बोलायचं नाही. त्यासाठी त्याने शहरातून सत्तावीस गियरची सायकल आणली. सत्तावीस खाती तर सबंध नगरपालिकेत नव्हती.

हे त्याने ओल्विदोला सांगितलं तेव्हा ती बटाट्याचं ऑम्लेट उलटत होती. तव्यावर ताटली पालथी घालून सगळंच एकदम उलटं करायचं असतं. अशा वेळी शहाण्या नवऱ्याने काही जाहीर करू नये.

"एकटा?" ओल्विदोने विचारलं.

"एकटाच. म्हणजे... तुला सायकल येत नाही ना."

"विचारलंस कधी?"

बेलार्मिनोने चौतीस वर्षं भराभर चाळून पाहिली. विचारलं नव्हतं.

"येते का?"

"ऑम्लेट खा, मिनो. गार होतंय."

आणि ओल्विदो गप्प झाली. पहिला दिवस बेलार्मिनोला फार सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी तिने फक्त "मीठ" एवढाच शब्द उच्चारला आणि त्याला जरा चुकचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच रेडिओ लावला.

त्या आठवड्यात ओल्विदो घराबाहेर एकच वाक्य बोलली, आणि ते सिंदा कोळणीपाशी बोलली. "आमचा माणूस एकटाच चाललाय समुद्रावर, सायकलवरून." एवढंच. पण सिंदा रोज कोंचासहून मासळीची गाडी घेऊन नऊ गावं फिरते. दुपारपर्यंत ती बातमी तारल्या आणि बांगड्यांबरोबर नऊ गावांत घरपोच झाली.

पहिला आला निकानोर. समोरच्या दारात राहणारा हा निकानोर खाणीत वायरमन होता. निवृत्तीनंतर तो सल्ल्याच्या धंद्यात पडला, तोही पूर्णपणे धर्मादाय.

"मिनो, सायकल हा पायांचा खेळ नाही," सायकलभोवती प्रदक्षिणा घालत तो म्हणाला, "बैठकीचा खेळ आहे. माणूस पायांनी हरत नाही, बुडाने हरतो. गादीची चड्डी आणलीस का?"

"गादीची?"

"अरे, आतून गादी असते. घट्ट, काळी. तिच्याशिवाय पाचव्या किलोमीटरला तू देवाचं नाव घेशील."

"तू कधी गेला होतास सायकलवरून?"

"मी स्वतः नाही गेलो. पण अभ्यास आहे."

बेलार्मिनोने चड्डी आणली. घरात घालून पाहिली. आरशात त्याला आपण पुढून बरे वाटलो, पण मागून मात्र कुणीतरी आपल्याला उशी बांधलीय असं वाटलं. आता अशा चड्डीची परीक्षा सायकलवर बसल्याशिवाय होत नाही, आणि सायकल खाली जिन्यापाशी. मान ताठ करून, सदतीस वर्षं नगरपालिकेत काम केलेल्या माणसाच्या चालीने तो जिना उतरू लागला. मधल्या वळणावर तिसऱ्या मजल्यावरच्या एतेल्विनाबाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. वय चौऱ्याऐंशी, नजर घारीची.

त्यांनी भिंतीला टेकून त्याला वाट दिली. तो पुढे गेल्यावर मागून हलकेच म्हणाल्या, "बेलार्मिनो, बाळा, प्रोस्टेट का रे? आमच्या ह्यांनाही शेवटी बांधावं लागत होतं. लाजायचं नाही त्यात."

"ही सायकलची चड्डी आहे, काकू."

"असं म्हणायचं असेल तर तसं म्हण."

त्यानंतर तीन दिवस गावातली पुरुषमंडळी बेलार्मिनोचा हात हातात घेऊन दोन क्षण जास्त दाबू लागली. फेर्मीनने वर सूप पाठवलं. अखेर बेलार्मिनो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि गादी, बैठक, एकतीस किलोमीटर, कोंचास, सगळं एतेल्विनाबाईंना समजावून सांगितलं. त्याची हीच खरी चूक.

एतेल्विनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळ्या बोगद्यांतून जाणार?"

"नऊच्या नऊ."

"मी येते."

"काकू, अहो..."

"माझा रामिरो एकतीस वर्षं ती गाडी चालवत होता. एकतीस वर्षं मी पहाटे उठून डबा बांधून दिला. माझा डबा रोज समुद्रावर जाऊन आला बेलार्मिनो, मी एकदासुद्धा गेले नाही. कोळशाच्या गाडीत बायकांना घेत नसत. पुढे गाडी गेली, रामिरो गेला. समुद्र कसा असतो रे, म्हणून विचारलं की म्हणायचा, 'ओला.' एवढंच. फार बोलायचा नाही."

समुद्र आमच्यापासून एकतीस किलोमीटर. मोटारीने अर्धा तास. पण काही माणसांना एखाद्या ठिकाणी एकाच वाटेने जायचं असतं. ती वाट मिळत नाही तोवर ती माणसं जातच नाहीत. हे बेलार्मिनोला कळलं, म्हणून तो नाही म्हणू शकला नाही. बेकरीवाल्याकडे पाव पोचवायची विजेवर चालणारी तीनचाकी होती. पुढे मोठी पेटी, मागे आरामशीर खुर्चीसारखी बैठक. बाईंनी ती दोन दिवसांत मिळवली आणि तिसऱ्या दिवशी चौकात तिच्यावरून तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत कारंज्याला धडकल्या, पण ते कारंजं तसं चुकीच्याच जागी आहे.

एतेल्विनाबाई जाणार म्हटल्यावर बाईंना भूक लागणार, म्हणून फेर्मीन आला. फेर्मीन आला म्हणून सिद्रा आली, सिद्रा आली म्हणून चर्चमधल्या गायकमंडळाचे बारा पुरुष आले. निकानोरने स्वतःची नेमणूक तांत्रिक संचालक म्हणून करून घेतली. पुढच्या गुरुवारपर्यंत यादीत सव्वीस नावं होती. ही यादी बेलार्मिनोने केली नव्हती. बारमध्ये भिंतीवर लटकत होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'बेलार्मिनोबरोबर समुद्रावर'.

शुक्रवारी नगरपालिकेचं पत्र आलं. 'आपण आयोजित करीत असलेल्या सामूहिक सायकल फेरीबाबत'. बेलार्मिनोने पत्र तीनदा वाचलं. पत्रात चूक काढता येईना. ती भाषाही त्याचीच होती.

खिडकीत आता न्येवेस बसायची. त्यानेच तिला काम शिकवलं होतं.

"न्येवेस, मी आयोजक नाही."

"असं कसं साहेब? सव्वीस जणांनी वाटेवर जायचा अर्ज दिलाय. सगळ्यांच्या 'कुणाबरोबर' या रकान्यात तुमचं नाव आहे. दहापेक्षा जास्त माणसं म्हणजे सामूहिक फेरी. सामूहिक फेरी म्हणजे आयोजक."

"मग असं कर, मला आयोजक नसल्याचा दाखला दे."

न्येवेस मनाने चांगली मुलगी. तिने खरोखरच दोन कपाटं उघडून पाहिली. मग भोकापाशी तोंड आणून म्हणाली, "असल्याचा आहे साहेब. नसल्याचा नाही. तुम्हीच शिकवलंत ना मला? नगरपालिका असलेल्या गोष्टीचा दाखला देते. नसलेल्या गोष्टी फार असतात, त्यांना कागद पुरायचा नाही."

हे वाक्य आपण कुणाला ऐकवलं होतं तेही बेलार्मिनोला आठवलं. बिचारा म्हातारा शेतकरी होता. त्याला बैल नसल्याचा दाखला हवा होता.

"बरं, मग यातून सुटायचं कसं?"

"आधी आयोजक म्हणून अर्ज करायचा. मग माघारीचा अर्ज करायचा. माघारीला सगळ्या सहभागी लोकांची लेखी संमती, तीन प्रतींत."

"हा मूर्ख नियम केला कुणी?"

न्येवेसने नियमांचं पुस्तक फिरवून काचेला लावलं. खाली 'बे. कु.' अशी सही होती. सुंदर, ठाशीव, कोपऱ्यात छोटीशी वेलांटी असलेली.

"आणि मी अर्जच केला नाही तर?"

"तर फेरी रद्द. यादीतल्या कुणालाच महिनाभर वाटेवर जाता येणार नाही. तुम्हालासुद्धा. पण ते नंतर जातील हो साहेब सुटेसुटे. फक्त एतेल्विनाबाईंचं जमायचं नाही. तीनचाकी नव्वद सेंटिमीटर रुंद आहे. ती बोगद्यातून न्यायची तर सामूहिक फेरी हवी आणि जबाबदार माणसाची सही हवी. एकट्या बाईंना परवानगी मिळत नाही."

बेलार्मिनोने खिशातून पेन काढलं. खिडकीच्या या बाजूने अर्ज भरताना त्याला आयुष्यात प्रथमच समजलं, की खिडकीखालची फळी लिहिण्याच्या दृष्टीने चार बोटं खाली आहे. अर्जात एकोणीस रकाने होते. आयोजकाच्या आजोळचं आडनावसुद्धा विचारलेलं होतं. चौदावा रकाना होता 'फेरीचा उद्देश'. त्यात त्याने लिहिलं : शांतता.

"सव्वीस माणसं घेऊन?" न्येवेस म्हणाली.

"शिक्का मार."

शनिवारी सकाळी आमच्याकडे पडतो तसा भुरभुर पाऊस होता, ओलं न करता भिजवणारा. चौकात सव्वीसची चाळीस माणसं झाली होती, कारण नऊ गावांतले उत्साही लोक नाव न देताच आले होते. न्येवेसने नियमाप्रमाणे बेलार्मिनोच्या अंगावर पिवळं चमकतं जाकीट चढवलं. पाठीवर वीतभर अक्षरांत 'आयोजक' असं लिहिलेलं. खाली ती चड्डी. गायकमंडळाने त्याला मानवंदना म्हणून एक कडवं म्हटलं.

तो मान खाली घालून सायकलवर बसणार, एवढ्यात बेकरीच्या कोपऱ्यावरून घंटी वाजली. लाल रंगाची जुनी, दणकट सायकल, मागे मासळीची रिकामी टोपली, आणि वर ओल्विदो. पाठ सरळ, एक हात हॅन्डलवर, दुसऱ्या हाताने डोक्याचा रुमाल नीट करत होती.

"ओल्विदो!" बेलार्मिनो म्हणाला. "तुला येते!"

"दहा वर्षं बापाची मासळी विकली मी कोंचासमध्ये. सायकलवरून. चढावर. ओरडत." आणि ती त्याच्या बाजूने निघून गेली. जाताना घंटी मात्र जरुरीपेक्षा जास्त वाजवली.

"मग कधी बोलली का नाहीस?" असं त्याने विचारलं, पण ते ऐकायला तिथे फक्त निकानोर होता. निकानोर म्हणाला, "सीट दोन सेंटिमीटर वर घे."

पहिले तीन बोगदे गाण्यांत गेले. गायकमंडळाला बोगदा म्हणजे पर्वणीच. आपला आवाज एवढा मोठा आहे हे माणसाला घरी कधी कळत नाही. तिसऱ्या बोगद्यातून बाहेर पडताना एका जर्मन जोडप्याने सायकली बाजूला घेऊन कानांवर हात ठेवले आणि शेवटी विचारलं, "आयोजक कोण?" चाळीस हात एकदम बेलार्मिनोकडे वळले. बेलार्मिनोने क्षमा मागितली. सदतीस वर्षांत त्याने कधी कुणाची क्षमा मागितली नव्हती. खिडकीतल्या माणसाला ती सोय असते.

चौथ्या बोगद्यात गाय होती. अगदी मधोमध, रवंथ करत. बाहेरच्या पावसापेक्षा तिला आत बरं वाटत असावं. एतेल्विनाबाईंची तीनचाकी आणि गाय दोन्ही एका वेळी त्या बोगद्यात मावण्यासारख्या नव्हत्या.

"गाईला समोरून जायचं नाही," निकानोर म्हणाला. "मागूनही जायचं नाही. बाजूने जायचं."

"बाजूला भिंत आहे."

"तोच तर प्रश्न आहे."

तेवढ्यात फेर्मीनने, काहीतरी करायला हवं म्हणून, गाइता फुंकला. बोगद्यात गाइता फुंकल्यावर काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. गाईने मात्र तत्काळ निर्णय घेतला. तिने शेपूट वर केलं आणि समुद्राच्या दिशेने जी धूम ठोकली, ती पाचव्या बोगद्यातून पार होईपर्यंत थांबली नाही. फेरीच्या सर्वात पुढे गाय, गळ्यात घंटा, मागे चाळीस सायकली आणि एक पावगाडी. वाटेतल्या एका घरासमोर लोकांनी हा देखावा बघून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कुठल्यातरी संताचा उत्सव असेल.

सहाव्या बोगद्याच्या अलीकडे गाईचा मालक गुडघाभर बूट घालून, काठी आपटत, शेतातून आडवा आला.

"माझी पिंता! दुभती गाय पळवता? आयोजक कोण?"

पाठ वळवून उपयोग नव्हता. पाठीवर तर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं.

"तूच ना? मग तूच तिला परत नेऊन बांध. वरच्या कुरणात. माझे गुडघे धड नाहीत."

म्हणून सोलाविया नगरपालिकेचे माजी आवक-जावक प्रमुख, काळी गादीची चड्डी घालून, एका हातात सत्तावीस गियर आणि दुसऱ्या हातात गाईचा दोर धरून, तीन किलोमीटर आल्या वाटेने मागे चालत गेले. सबंध वाट निर्मनुष्य होती. खाली नदी, वर धुकं. हवी होती ती शांतता हीच. फक्त पिंताच्या गळ्यातली घंटा दर पावलाला वाजत होती, आणि दर शंभर पावलांवर पिंता थांबून त्याच्याकडे, तुम्ही कधीतरी नोकरी केली आहे का, अशा नजरेने बघत होती.

तासाभराने घामाघूम होऊन तो परत सहाव्या बोगद्यापाशी आला. तोवर सगळे समुद्रावर पोचून जेवले असतील अशी त्याची खात्री होती. पण सगळे तिथेच दगडांवर बसून होते.

"काय झालं? कुणी पडलं का?"

"एतेल्विनाबाई आत जाईनात," फेर्मीन म्हणाला.

एतेल्विनाबाई तीनचाकीवर बसून होत्या. हात मांडीवर, पर्स हातावर. "कागदावर लिहिलंय ना, जबाबदार माणूस बरोबर हवा म्हणून? मी तुझ्याशिवाय कशी जाऊ? तुझ्या सहीला काही किंमत आहे की नाही?"

एवढ्या वर्षांत त्याच्या सहीबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

"चला काकू," तो म्हणाला आणि तीनचाकीच्या बाजूने चालू लागला.

सहावा बोगदा सगळ्यात लांब. मध्यावर आल्यावर बाईंनी गाडी थांबवली. खाली उतरल्या, भिंतीशी गेल्या आणि दगडावरून तळवा फिरवला. हात काळा झाला. तो त्यांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"हाच," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं शर्ट धुतले मी. कितीही साबण लावा, हाच वास यायचा. मला वाटायचं, खाणीचा असेल. इथला होता तर."

फेर्मीनच्या काखेतल्या पिशवीतून राहिलेली हवा हळूच 'फुस्स' करून गेली. बाईंनी हात रुमालाला पुसला, रुमाल नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "चला आता. भूक लागली."

कोंचासला पोचेपर्यंत दुपार ढळत आली होती आणि ऊन पडलं होतं. पेटीतून बटाट्याची ऑम्लेटं निघाली, मांस भरलेल्या पोळ्या निघाल्या, सिद्रा निघाली. एतेल्विनाबाई बूट काढून, मोजे काढून, झगा गुडघ्यापर्यंत धरून सरळ पाण्यात गेल्या. लाट आली, पोटरीला लागली, गेली. बाई वळून सगळ्यांना ओरडून म्हणाल्या, "खरंच सांगत होता! ओला आहे!" आणि हसता हसता वाळूतच बसल्या.

हे सगळं होईपर्यंत परत कसं जायचं हा विषय कुणाच्याही मनात आला नव्हता. फेर्मीनला वाटलं निकानोरने गाडी सांगितली असेल, निकानोरला वाटलं ते तांत्रिक संचालकाच्या कक्षेबाहेर आहे. अर्जात परतीचा रकानाच नव्हता. आजोळच्या आडनावाचा होता. संध्याकाळची बस आली. चालकाने एक्केचाळीस सायकलींवरून नजर फिरवली.

"पोटात दोन सायकली बसतात," तो म्हणाला. "आयोजक कोण?"

बेलार्मिनोच्या खिशात तिकीट होतं, सायकलीच्या जागेसकट, दोन आठवडे आधी काढलेलं. त्याने ते एतेल्विनाबाईंपुढे धरलं.

"मी कशाला बसने जाऊ?" बाई म्हणाल्या. "ज्या वाटेने आले त्या वाटेने जाणार. रामिरो रोज जायचा परत. गाडीची बॅटरी तेवढी भरून द्या."

बेलार्मिनोने बसकडे पाहिलं. आत सहा माणसं होती आणि त्यातली पाच झोपली होती. मऊ खुर्च्या. खिडकीची काच, तिला कुठेही भोक नाही. मग त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. चाळीस माणसं त्याच्या पिवळ्या जाकिटाकडे बघत होती.

"निघा तुम्ही," तो चालकाला म्हणाला. सदतीस वर्षं त्याने कामावर जायची बस एकदाही चुकवली नव्हती. ही मात्र मुद्दाम चुकवली.

ओल्विदो त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. कित्येक दिवसांत प्रथमच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सिंदाच्या भावाकडे कोळ्यांच्या संघाच्या खोलीची किल्ली आहे," ती म्हणाली. "जाळ्यांवर झोपायला लागेल. वास येईल. चालेल?"

चाललं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चढ लागला. कोळशाची गाडी ज्या वाटेने खाली यायची त्या वाटेचा उतार माणसाला येताना जाणवत नाही. परत जाताना मात्र तो प्रत्येक मीटरला भेटतो. पहिल्या तीन किलोमीटरवर गायकमंडळाने एक कडवं म्हणायचा प्रयत्न केला, ते दुसऱ्या ओळीत बसलं. फेर्मीनच्या छातीत गाइता भरण्याइतकी हवा उरली नव्हती. निकानोर सायकल ढकलत चालला होता. बेलार्मिनोची सीट बघून त्याने सल्ला द्यायला तोंड उघडलं, पण तोंडातून फक्त श्वास आला. अर्जात परतीचा रकानाच नसल्याने बॅटरी भरलेल्या एतेल्विनाबाई जबाबदार माणसाची वाट न बघता हात हलवत पुढे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मग कुणीच बोललं नाही. चाळीस माणसं, आणि ऐकू येत होत्या फक्त साखळ्या, श्वास आणि नदी. वाट रिकामी होती. रात्रीच्या पावसाने धुतलेली पानं चमकत होती. बेलार्मिनोने मागितलं होतं ते बरोबर हेच होतं. तेही अर्ज, शिक्का, कशाशिवाय. तीन किलोमीटर तो अतिशय तृप्त मनाने ऐकत राहिला. चौथ्या किलोमीटरवर त्याला वाटू लागलं, हे किती छान आहे ते कुणालातरी सांगावं.

ओल्विदो शेजारीच होती. गाल लाल, रुमाल कपाळावर घसरलेला.

"किती शांत आहे ना?" तो म्हणाला.

ओल्विदोने मान हलवली. तिच्याकडे दम नव्हता.

सत्तावीस गियर असण्याचा एक फायदा हा, की माणसाला चढावरही थोडा दम उरतो. तो दम वापरून बेलार्मिनो बोलू लागला. आधी पिंताबद्दल बोलला. मग बैल नसल्याचा दाखला मागणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल, आणि त्याला आपण किती तोऱ्यात परत पाठवलं याबद्दल. मग खिडकीबद्दल, निवृत्तीच्या दिवशी ती रिकामी करताना काय वाटलं त्याबद्दल. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बोगद्यामागून बोगदे गेले. एकटं जायचं म्हणालो ते चुकलं, असंही तो म्हणाला, सातव्या आणि सहाव्या बोगद्याच्या मधे कुठेतरी, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला. ओल्विदो ऐकत होती. मधे बोलायला तिच्याकडे श्वासच नव्हता. चौतीस वर्षांत प्रथमच त्याची वाक्यं शेवटपर्यंत गेली.

गावाच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर, कड्यातून एक झरा येतो आणि त्याला दगडी कट्टा आहे. तिथे ओल्विदो उतरली. सायकल कट्ट्याला टेकवली, ओंजळीने पाणी प्याली, तोंडावर मारलं, रुमालाने पुसलं आणि दोनदा मोठा श्वास घेतला.

"झालं तुझं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग बस इथे. कोंचासमध्ये मी पहिल्यांदा सायकल शिकले, तेव्हा काय झालं होतं माहितेय?"

बेलार्मिनो बसला. बाकीचे लोक त्यांच्या समोरून एकेक करून वर गेले. कुणी विचारलं नाही, आयोजक का थांबले म्हणून. गाव तिथून चारशे मीटरवर होतं. ती दोघं दीड तासाने पोचली.